क्षयाच्या रुग्णासोबत राहूनही घरातल्या सगळ्यांना क्षय का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांना फुफ्फुसाचा क्षय निघाला, त्यांचे औषध सुरू झाले आणि मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाची मांटू चाचणी, म्हणजे क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे बघणारी त्वचेवरची चाचणी, १६ मिलिमीटर आली. त्याचा एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला नाही, ताप नाही, भूक चांगली आहे. तरीही डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांचे १२ डोस लिहून दिले. तुमचे म्हणणे असे, की जन्मल्याबरोबर त्याला क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचली होती, प्रतिकारशक्तीही चांगली दिसते, मग गोळ्या कशाला? त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवणारे एखादे टॉनिक किंवा काढा देऊन भागणार नाही का?

आधी सरळ उत्तर: गोळ्या सुरू करा आणि १२ डोस पुरे करा. पण तुम्ही कारण विचारले आहे, आणि छातीच्या आजारांचे रुग्ण बघत इतकी वर्षे गेल्यावर मला वाटते की हे कारण प्रत्येक घराला समजायला हवे. शरीर रोगापासून आपले रक्षण कसे करते, आणि ते करताना स्वतःचीच हानी कशी करून घेते, हे क्षयात जितके लख्ख दिसते तितके फार थोड्या आजारांत दिसते. प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त, असे आपण बोलतो. खरे तर जंतू ओळखणे, योग्य पेशी योग्य जागी पोचणे, जेवढ्यास तेवढाच मारा होणे आणि वेळेवर थांबणे ही तिची चार कामे आहेत. यातले एकही बिघडले तर माणूस आजारी पडतो. शेवटचे, थांबण्याचे काम बिघडले तरीही.

तुमचे सासरे निदान होण्याआधी काही आठवडे, कदाचित काही महिने, घरात खोकत होते. खोकल्यातले मोठे थेंब जमिनीवर पडतात. अगदी बारीक थेंबांतले पाणी हवेत उडून जाते आणि १ ते ५ मायक्रॉनचे कण उरतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगतात. तुमच्या मुलाने असे कण श्वासावाटे आत घेतले. त्यातले बरेच नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकले असणार. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म लव असते. ती हा स्राव सतत वर घशाकडे ढकलते, आपण नकळत तो गिळतो आणि जठरातले आम्ल पुढचे काम करते. धूर, मग तो विडीचा असो की चुलीचा, या लवेची हालचाल मंद करतो. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते आजपासून बंद व्हायला हवे.

जे कण सर्वांत बारीक असतात ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. मराठी पुस्तकांत त्यांना महाभक्षी पेशी म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. धूळ, मेलेल्या पेशी, जंतू, जे परके दिसेल ते त्या गिळतात. पेशींचे हे गिळण्याचे काम एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये काटा टोचून पाहिले. त्याच वर्षी, २४ मार्चला, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. एकीकडे भक्षक पेशी आणि दुसरीकडे भक्ष्य, दोन्हींची ओळख एकाच वर्षी झाली. पुढे कळले की हे भक्ष्य फारच चिवट आहे.

साधारण जंतूला महाभक्षी पेशीने गिळले की तो पेशीच्या आत एका पिशवीत अडकतो. पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू नेमके हे मीलन होऊ देत नाही. त्याचे कवच मेणचट असते. त्या कवचातले काही घटक आणि जंतूने सोडलेली काही प्रथिने पेशीची आतली यंत्रणा अडवून धरतात. मग जी पेशी त्याला मारायला निघाली तिच्यातच तो घर करतो आणि वाढू लागतो. वाढतोही अगदी सावकाश. पोटात राहणारे ई-कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात. क्षयाचे औषध महिनोन्‌महिने का घ्यावे लागते, याचे एक मोठे कारण हा संथपणा आहे.

इथे तुम्ही विचाराल, की मग अँटीबॉडी काय करतात? घटसर्प किंवा धनुर्वातात त्या जीव वाचवतात. १८९० साली कॉख यांच्याच संस्थेत एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवले, की या रोगांच्या विषाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचतो. अँटीबॉडी रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात फिरतात, विषाला चिकटतात आणि ते निकामी करतात. पण जंतू पेशीच्या आत जाऊन बसला की अँटीबॉडीला त्याच्यापर्यंत पोचणे अवघड होते. क्षयात मुख्य भिस्त वेगळ्या पेशींवर असते. त्यांना टी पेशी म्हणतात.

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एकाच ठरावीक आकाराचा तुकडा ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे तो तुकडा पकडणारे प्रथिन, असतो. हे ग्राहक जनुकांचे तुकडे यदृच्छेने कापून-जोडून घडवले जातात, त्यामुळे कोट्यवधी वेगवेगळे प्रकार तयार होतात. जगात अजून न आलेल्या जंतूला ओळखणारी पेशीही शरीरात आधीपासून असू शकते, ती याच कारणाने. पण यदृच्छेने घडवल्यावर काही ग्राहक आपल्याच शरीराला परके मानणारे निघणारच. म्हणून थायमसमध्ये कडक निवड होते आणि तिथे आलेल्या बहुसंख्य पेशी बाहेर पडण्याआधीच मरतात. इतकी मोठी निर्मिती आणि इतकी मोठी छाटणी शरीर रोज करते. या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

आता तुमच्या मुलाच्या फुफ्फुसात क्षयाचा जंतू ओळखणारी टी पेशी आपणहून पोचत नाही. तिला आधी निरोप मिळावा लागतो. डेन्ड्रिटिक नावाच्या पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि श्वासनलिकेच्या दोन फाट्यांजवळ असलेल्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. आपण त्यांना नुसते गाठी म्हणतो. तिथे हजारो टी पेशी जवळून जातात. ज्या एखाददुसरीचा ग्राहक त्या तुकड्याशी जुळतो ती थांबते, जागी होते आणि दुप्पट-चौपट होत जाते. फ्लूच्या विषाणूबाबत हे सगळे काही दिवसांत होते. क्षयाच्या जंतूबाबत ते रेंगाळते, कारण जंतू महाभक्षी पेशीत गुपचूप बसलेला असतो आणि त्याचे तुकडे गाठीपर्यंत पोचायलाच उशीर होतो. संसर्गानंतर साधारण २ ते ८ आठवड्यांनी टी पेशींचे काम चाचणीत दिसू लागते. तोवर जंतूला मोकळे रान असते. वरवर ठणठणीत माणसातही क्षयाचा जंतू ठाण मांडू शकतो, ते या उशिरामुळे.

टी पेशी फुफ्फुसात पोचल्या की मात्र चित्र पालटते. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडतात. ते लागताच महाभक्षी पेशीतली अडलेली यंत्रणा सुरू होते आणि पिशव्यांचे मीलन होऊ लागते. जो जंतू आत निवांत होता त्याच्यावर आम्ल, पाचक रस आणि विषारी वायूंचा मारा सुरू होतो. हे रसायन किती महत्त्वाचे आहे, हे १९९६ साली स्पष्टपणे कळले. काही घराण्यांतल्या मुलांमध्ये इंटरफेरॉन गॅमा पकडणारा ग्राहकच जन्मतः सदोष होता. एरवी माणसाला काही न करणारे क्षयाचे दूरचे भाऊबंद आणि बीसीजी लसीतले दुबळे जंतूसुद्धा अशा मुलांच्या शरीरभर पसरतात, असे आढळले. बाकी सगळी प्रतिकारशक्ती जागेवर असून, एक निरोप पोचत नाही म्हणून मूल दगावू शकते. 'एकूण प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्याला फारसा अर्थ का नाही, ते यावरून ध्यानात यावे.

जंतू सगळे मरतातच असे नाही. उरलेल्यांभोवती शरीर वेढा घालते. मध्यभागी जंतू असलेल्या महाभक्षी पेशी, काही एकमेकींत मिसळून झालेल्या मोठ्या पेशी आणि बाहेरून टी पेशींचे कडे, अशी एक बारीक गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत प्राणवायू कमी पडतो, अन्न कमी पडते, जंतूची वाढ मंदावते. मधला भाग मरून दह्याच्या चक्क्यासारखा मऊ-पांढरा होतो. पुढे कधी तिथे चुना साचतो, आणि वर्षांनंतर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांच्या एक्स-रेमध्ये असा ठिपका असतो आणि त्यांना आयुष्यात कधी क्षय झालेला नसतो.

या गाठींबद्दल माकडांवरच्या अभ्यासांतून एक मोलाची गोष्ट कळली आहे. एकाच माकडाच्या एकाच फुफ्फुसात काही गाठी पूर्ण निर्जंतुक झालेल्या असतात, काहींमध्ये जंतू जिवंत असतात आणि एखादी फुटून पसरत असते. रक्त तेच, पेशी त्याच, आहार तोच. तरी प्रत्येक गाठीचे नशीब वेगळे. म्हणजे तुमच्या मुलाच्या फुफ्फुसात संसर्ग असेल तर त्याचा निकाल त्याच्या 'सर्वसाधारण तब्येतीवर' पूर्णपणे अवलंबून नाही. मैदानावर तो किती धावतो, यावरून आत बसलेल्या गाठीत काय चालले आहे ते कळत नाही.

आता मांटू चाचणीबद्दल. तिची कथा प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या तुमच्या प्रश्नालाच जाऊन भिडते. १८९० साली कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याचे जाहीर केले. जंतूंपासून काढलेला तो अर्क म्हणजे ट्यूबरक्युलिन. तो टोचला की क्षयरोग्याचे शरीर जोरात खवळून उठायचे, आणि हीच बरे होण्याची खूण मानली गेली. जगभरातून रुग्ण बर्लिनकडे धावले. प्रत्यक्षात पुष्कळांना तीव्र ताप आला, फुफ्फुसातल्या गाठींभोवतीची सूज भडकली आणि काही रुग्ण दगावले. क्षयाविरुद्ध शरीराला चेतवण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता आणि तो फसला. जंतू होते, टी पेशी होत्या, कमतरता जोराची नव्हतीच. पण तोच अर्क पुढे निदानासाठी अनमोल ठरला. अगदी थोडा अर्क त्वचेत टोचला, तर ज्या शरीराने हा जंतू आधी पाहिला आहे त्याच्या टी पेशी तिथे गोळा होतात आणि जागा टणक होते. शार्ल मांटू या फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत बसवली.

टी पेशींना तिथे जमायला वेळ लागतो, म्हणून ही चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचतात. मोजायचा असतो तो टणकपणा, लाली नाही. पुष्कळ ठिकाणी लालीच मोजली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते. तुमच्या मुलाचे १६ मिलिमीटर हे टणक भागाचे माप असेल, तर घरात रुग्ण असताना त्याचा अर्थ एकच घ्यावा: क्षयाचा जंतू त्याच्या शरीरात शिरला होता आणि त्याच्या टी पेशींनी त्याला ओळखले आहे. बीसीजीमुळे चाचणी थोडी फुगू शकते, पण जन्मतः दिलेल्या लसीचा हा परिणाम वयाबरोबर बराचसा ओसरतो. जंतू आज जिवंत आहे की मेला, हे मात्र मांटू सांगत नाही. इंटरफेरॉन गॅमा मोजणारी इग्रा ही रक्ततपासणीही सांगत नाही. दोन्ही चाचण्या फक्त आठवण मोजतात. संसर्ग झालेल्या १०० माणसांपैकी साधारण ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी क्षय होतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो. तुमचा मुलगा आत्ता त्याच दोन वर्षांत आहे. अशा शंभरातली नव्वद किंवा त्याहून अधिक मुले काहीही न घेता निरोगी राहतील, पण ती कोणती ते ओळखण्याचा खात्रीचा उपाय आज आमच्याकडे नाही. गोळ्यांचे कारण हे आहे. बंदिस्त गाठीत उरलेले मोजके जंतू मारायला दोन औषधे आणि तीन महिने पुरतात. तेच जंतू वाढून रोग झाला, तर चार औषधांनी सुरुवात करून साधारण सहा महिने उपचार घ्यावे लागतात.

आता थांबण्याच्या कामाकडे येते. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडते, रक्त पडते, वजन झडते. लोकांना वाटते की जंतू फुफ्फुस खातो. क्षयाचा जंतू घटसर्पासारखे मारक विष सोडत फिरत नाही. पोकळी मुख्यतः आपल्याच पेशी पाडतात. चेतलेल्या महाभक्षी पेशी फुफ्फुसाचा तंतुमय सांगाडा विरघळवणारी विकरे सोडतात, गाठीचा मधला भाग पातळ होतो आणि एक दिवस तो श्वासनलिकेत फुटतो. प्राणवायू मिळताच जंतू अफाट वाढतात आणि खोकल्याबरोबर बाहेर पडतात. सासऱ्यांचा खोकला घरभर संसर्ग पसरवत होता, तो अशाच जागेतून.

याचा पुरावा एचआयव्हीच्या रुग्णांत मिळतो. ज्यांच्या टी पेशी फार घटलेल्या असतात त्यांना क्षय अधिक सहज होतो, शरीरभर पसरतो, पण फुफ्फुसात मोठ्या पोकळ्या कमी दिसतात. पोकळी पाडायलाही टी पेशी लागतात. अशा रुग्णाला एचआयव्हीचे औषध सुरू केले आणि टी पेशी परत वाढू लागल्या, की काही जणांचा क्षय आधी भडकतो: ताप येतो, लसिका ग्रंथी फुगतात, एक्स-रे बिघडतो. घरचे घाबरतात, औषध लागू पडत नाही असे समजतात. वास्तविक प्रतिकारशक्ती परत येण्याचा तो परिणाम असतो. तो फार तीव्र असेल तर क्षयाची औषधे चालू ठेवून आम्ही वर स्टिरॉइड देतो, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतो. मेंदूच्या आवरणाच्या क्षयातही तेच करतो. तिथे स्टिरॉइडने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममधल्या एका मोठ्या चाचणीने २००४ साली दाखवले. कवटीच्या आत सुजेला जागाच नसते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. संधिवातासाठी टीएनएफ हे रसायन रोखणारी इंजेक्शने आली तेव्हा काही रुग्णांना अचानक क्षय होऊ लागला. २००१ साली त्यांतल्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर क्षय झालेले ७० रुग्ण नोंदवले गेले. ग्रॅन्युलोमा बांधून ठेवायला टीएनएफ लागते. ते काढून घेतल्यावर जुनी गाठ विस्कटली. म्हणून आज ही इंजेक्शने सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आणि कर्करोगावरची जी नवी औषधे टी पेशींचा पीडी-१ नावाचा लगाम सोडतात, तीही काही रुग्णांत क्षय जागा करतात. इथे तर टी पेशी आणखी जोमाने काम करतात, तरी रोग वाढतो. लगाम ढिला करूनही क्षय होतो आणि ताकद काढून घेऊनही होतो. तुमचा मुलगा आज निरोगी दिसतो, तो या दोन्हींच्या मधल्या तोलामुळे.

बीसीजीबद्दल तुमची अपेक्षा रास्त आहे, पण लसीची मर्यादा समजून घ्या. फ्रान्समधल्या लील इथे काल्मेत आणि गेरँ या दोन शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे सतत नव्या खाद्यावर वाढवत दुबळा केला आणि १९२१ साली पहिल्यांदा बाळाला दिला. तान्ह्या मुलांना होणारा मेंदूचा क्षय आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून ही लस चांगले संरक्षण देते, म्हणून ती जन्मल्याबरोबर देणे योग्यच आहे. मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या क्षयाबाबत मात्र तिचा भरवसा देता येत नाही. तमिळनाडूत चिंगलपेट इथे १९६८ पासून सुमारे २ लाख ६० हजार लोकांवर झालेल्या चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळले नाही.

या लसीच्या इतिहासात एक दुर्घटनाही आहे. १९३० साली जर्मनीतल्या ल्युबेक शहरात प्रयोगशाळेतल्या चुकीने लसीत खऱ्या क्षयाचे जंतू मिसळले आणि सुमारे २५० बाळांना ती पाजली गेली. ७० हून अधिक बाळे दगावली. हे वाचताना आजही पोटात कालवते. पण त्याच घटनेत, उपचाराचे एकही औषध नसलेल्या काळात, बहुसंख्य बाळे आपल्या शरीराच्या बळावर वाचली. जंतू किती प्रमाणात पोटात गेले, यावर बरेच काही ठरले. त्यातला व्यवहाराचा भाग साधा आहे. शरीराला ज्या जंतूंशी गाठ घालायची आहे त्यांची संख्या कमी ठेवणे आपल्या हातात असते. खिडक्या उघड्या ठेवणे, रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे औषध एक दिवसही न चुकणे.

टॉनिकांबद्दल आता स्पष्ट बोलते. दुकानात प्रतिकारशक्तीच्या नावाने विकली जाणारी एकही बाटली क्षयाचा संसर्ग झालेल्या मुलाला रोगापासून वाचवते असा पुरावा नाही. ड जीवनसत्त्वावर खूप आशा होती, आणि ती निराधारही नव्हती, कारण महाभक्षी पेशी जंतू मारणारे एक प्रथिन बनवतात तेव्हा त्यांना ड जीवनसत्त्व लागते. पण मंगोलियात सुमारे ८,८०० शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत, जी २०२० साली प्रसिद्ध झाली, ते देऊन क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी. त्यापलीकडे फायदा नाही.

अन्नाची गोष्ट वेगळी, आणि इथे माझे मत ठाम आहे. झारखंडमध्ये झालेली 'रेशन्स' चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. क्षयरोग्यांच्या १०,३४५ घरच्या माणसांना दोन गटांत विभागले. एका गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वे-क्षार दिले. त्या गटात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. डाळभाताने हे झाले! उपाशी शरीर टी पेशी पुरेशा बनवू शकत नाही, त्यांची दुप्पट-चौपट होण्याची भूक मोठी असते. ज्या शरीराला पुरेसे अन्न मिळतच आहे त्याला जास्त खाऊ घालून तेवढाच फायदा होईल असे नाही, पण आपल्याकडे कितीतरी घरांत प्रश्न अपुऱ्या अन्नाचाच आहे. महागड्या पावडरीच्या डब्याचे पैसे अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांवर खर्च करा. सासऱ्यांची नोंद निक्षय या क्षयरोग्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत झालेली असेलच. त्यांना उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून महिन्याच्या हिशेबाने पोषणाचे पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाले आहेत. बँक खाते जोडले आहे का ते आशाताईंना विचारून घ्या.

घरातल्या मोठ्यांची रक्तातली साखर तपासून घ्या, हे मी प्रत्येक घराला सांगते. मधुमेहात क्षयाचा धोका दोन ते तीन पट होतो, आणि कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे क्षयाच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते. घरात कुणी दगडखाणीत किंवा दगड फोडण्याच्या कामावर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दगडाची सिलिकायुक्त धूळ महाभक्षी पेशीच मारते.

सासऱ्यांना वेगळे ठेवायचे का, त्यांचे ताट-वाटी वेगळे करायचे का, हे तुम्ही विचारलेले नाही. तरी सांगते, कारण घराघरांत ते घडते. क्षय हवेतून पसरतो, ताटातून नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासात काही रुग्णांवर सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, आणि काहींवर घरीच उपचार केले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात क्षय जास्त झाला नाही. संसर्ग मुख्यतः औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना हवेशीर खोलीत झोपू द्या, मास्क लावू द्या, आणि जेवायला पंक्तीत घ्या.

घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर त्याची वेगळी काळजी घ्या. लहान मुलांत टी पेशींचा हा सगळा व्यवहार अजून कच्चा असतो, आणि क्षय मेंदूपर्यंत झपाट्याने जाऊ शकतो. अशा मुलाला रोग नाही ना याची खात्री करून, मांटूची वाट न पाहता प्रतिबंधक औषध देतात.

मुलाच्या गोळ्या आयसोनायाझिड आणि रिफापेंटिन या असणार. जेवणानंतर द्या, आठवड्याचा वार ठरवून घ्या. लघवी केशरी होईल, त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. इतर कुठलीही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण रिफापेंटिनमुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे दिसणे, पोटात उजवीकडे दुखणे, अंगावर पुरळ यातले काही झाले तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोस पुरे झाल्यावर मांटू पुन्हा करू नका. टी पेशींची आठवण पुसली जात नाही, चाचणी पॉझिटिव्हच येईल आणि तुम्ही विनाकारण घाबराल. त्याऐवजी पुढची दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी त्याचे वजन लिहून ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप टिकला, मानेत गाठ आली, वजन वाढायचे थांबले, तर सासऱ्यांच्या क्षयाचा कागद बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि घरात रुग्ण होता हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.